सुटणाऱ्याने येणाऱ्याला काय सांगायचं

(भंडारा येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'कामाच्या ठिकाणची नाती' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत जितके दिसत तितकेच बिडी कामगारांच्या सभांमध्येही दिसत. म्हणून हा विषय त्यांच्या नावाला शोभतो, असं मला वाटतं.

या विषयावर हल्ली बरंच बोललं जातं. वर्षातून एक सहल काढा, वाढदिवसाला केक कापा, सगळ्यांशी हसून बोला, असा सल्ला मिळतो. त्यात वाईट काहीच नाही. पण सहकाऱ्याशी नातं त्यातून जुळत नाही, हे मी अनुभवाने आणि ठामपणे सांगते. काम एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हा ते जुळतं. सुटणारा येणाऱ्याला काय सांगतो, त्यातलं किती खरं सांगतो आणि येणारा ते थांबून ऐकतो का, यावर सगळं अवलंबून असतं. ही पाच-दहा मिनिटं आपल्या जिल्ह्यातून कमी होत चालली आहेत. त्याची मला काळजी वाटते आणि आज मी त्याच काळजीपोटी बोलणार आहे.

मी परिचारिका. नोकरीची सुरुवातीची वर्षं वॉर्डात गेली, पुढची कामगार कल्याणाच्या दवाखान्यात. वॉर्डात याला आमच्यात 'ओव्हर देणं' म्हणतात. सकाळपाळीची सिस्टर आली की रात्रपाळीची तिला घेऊन खाटेखाटेशी जाते. सलाईन किती उरलं, ताप किती वाजता चढला, कोणतं इंजेक्शन द्यायचं राहिलं, सगळं सांगते. हे कागदावर लिहिलेलं असतंच. तरी खाटेपाशी उभं राहून तोंडाने सांगायचं, कारण कागदाला रकाने असतात आणि माणूस रकान्यांत मावत नाही. सात नंबरच्या आजी दुखत असलं तरी 'नाही' म्हणतात, त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. बारा नंबरचा मुलगा पहाटेपासून गप्प आहे, ताप नाही, नाडी ठीक आहे, पण मला काही बरं लक्षण वाटत नाही. हे शेवटचं वाक्य कुठल्या तक्त्यात लिहिणार? ते एक सिस्टर दुसरीला सांगते. दुसरी ते खरं धरून त्या मुलाच्या खाटेकडे चार वेळा जास्त जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णांच्या सुरक्षेसाठी नऊ उपाय पुढे ठेवले. त्यांतला एक उपाय हाच होता: रुग्ण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना नीट बोला. जगभरच्या दवाखान्यांत माणसं दगावण्याचं एक कारण हे अपुरं बोलणं आहे, हे तोवर पुरेसं उघड झालं होतं.

वॉर्डातच मला आणखी एक गोष्ट कळली. आमच्याकडे दोन सिस्टर होत्या. स्वभाव अजिबात जुळत नव्हते, एकमेकींच्या घरी त्या कधी चहाला गेल्या नाहीत. पण एकीची ओव्हर दुसरीने घेतली की सगळा वॉर्ड निर्धास्त असे. पहिली काही लपवणार नाही आणि दुसरी काही विसरणार नाही, हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. या नात्याला मी मैत्रीहून कमी लेखत नाही. मैत्री आवडीवर उभी राहते, हे नातं खात्रीवर उभं होतं. आजारी माणसाच्या उपयोगी पडते ती खात्री.

पुढे कामगार कल्याणाच्या कामात आल्यावर तुमसर तालुक्यातल्या मॅंगनीज खाणींशी माझा संबंध आला. या सभागृहातल्या अनेकांच्या घरातलं कोणी ना कोणी चिखला, डोंगरी बुजुर्ग किंवा सितासावंगीला कामाला असेल. हा धंदा आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षांचा आहे. १८९६ मध्ये ब्रिटिशांचं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झालं. १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची मॅंगनीज ओर इंडिया कंपनी आली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारच्या मालकीची झाली. तिलाच आपण मॉईल म्हणतो. पोलादाला मॅंगनीज लागतं आणि डोंगरी बुजुर्गचं खनिज बॅटरीच्या सेलसाठी जातं. डोंगरीची खाण उघडी आहे. चिखल्याला मात्र माणसं जमिनीखाली उतरतात आणि मला बोलायचं आहे ते मुख्यतः या खाली उतरणाऱ्यांबद्दल.

जमिनीखाली डोक्यावर खडक असतो. तो घट्ट आहे की सुटू लागला आहे हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सब्बलीने ठोकून ऐकावं लागतं. घट्ट खडक खणखणीत वाजतो, सुटलेला पोकळ वाजतो. हा कान पुस्तकाने तयार होत नाही. जुना माणूस नव्याला शेजारी उभं करून दोन ठिकाणी ठोकतो आणि विचारतो, "ऐकला का फरक?" नव्याने प्रामाणिकपणे "नाही जी" म्हटलं तर पुन्हा ठोकतो. लाजेपोटी "हो" म्हणणारा मुलगा धोक्यात असतो आणि त्याच्याबरोबर बाकीचेही. म्हणून चांगला मेट, म्हणजे टोळीवरचा मुकादम, नव्या मुलाला 'नाही' म्हणायची मोकळीक आधी देतो, बाकीचं काम नंतर शिकवतो.

दुसरी गोष्ट सुरुंगाची. भोकं पाडून दारू भरतात, वात देतात आणि मोजतात. दहा भरली आणि नऊच उडाली, तर एक आत जिवंत आहे. त्याला सगळे 'मिसफायर' म्हणतात. पुढच्या पाळीच्या माणसाने नकळत तिथेच ड्रिल लावली तर काय होईल, हे सांगायला नको. १९६१ च्या धातू खाणींच्या नियमावलीने यावर काय उपाय केला पाहा. सुरुंग उडवणाऱ्याने खाणीबाहेर पडण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगितलीच पाहिजे, असं तिने बंधन घातलं. वहीत लिहायचंच, पण सांगायचंही. सरकारी नियम सहसा फॉर्म, सही आणि शिक्का मागतात. इथे नियमाने दोन माणसांना समोरासमोर उभं केलं, कारण तो लिहिणाऱ्यांना माणसाचा स्वभाव माहीत होता. वही उघडली जाईलच असं नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाचं मात्र ऐकावं लागतं.

आणि हे सांगणं सोपं नसतं. "माझ्या पाळीत एक सुरुंग उडाला नाही" असं म्हणणं म्हणजे माझं काम पुरं झालं नाही, हे चारचौघांत कबूल करणं. माणूस थकलेला असतो, घराची ओढ लागलेली असते, येणाऱ्याशी कदाचित मागचं भांडणही असतं. तरी तो सांगतो. का सांगतो? त्याची नाचक्की होणार नाही, हे त्याला ठाऊक असतं म्हणून. ज्या ठिकाणी उणीव सांगणाऱ्याला शिक्षा होते, तिथे उणिवा लपवल्या जातात आणि त्या पुढच्या पाळीच्या अंगावर येतात. साहेब लोकांना मी नेहमी हेच सांगत आले: माणसांनी एकमेकांशी खरं बोलावं असं वाटत असेल, तर पहिल्यांदा खरं बोलणाऱ्याला तुम्ही कसं वागवता ते पाहा. बाकीचे शंभर डोळे तेच पाहत असतात.

शंभराहून अधिक माणसं असलेल्या खाणीत सुरक्षा समिती नेमण्याची तरतूद आपल्या खाण नियमांत झाली. त्या समितीत कामगार आणि अधिकारी एकत्र बसतात. काही बैठकांचं इतिवृत्त नुसतं सह्यांपुरतं असतं, हेही खरं आहे. पण जिथे समिती खरी चालते, तिथे ड्रिलवाला व्यवस्थापकाला "त्या वाटेचा आधार बदला" असं बसल्या जागेवरून सांगू शकतो. एरवी हे वाक्य बोलायला त्याला जागाच नसते.

या जिल्ह्यात सहकारी हा शब्द उच्चारला की जवाहरनगरची आठवण येणारच. २४ जानेवारी २०२५ रोजी आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ माणसं गेली. त्या घटनेच्या कारणांविषयी बोलणं हा माझा अधिकार नाही. ज्यांच्या शेजारची जागा त्या दिवशी रिकामी झाली, ती माणसं पुन्हा त्याच आवारात कामावर गेली, एवढंच मला इथे आदराने नोंदवायचं आहे. स्फोटकांच्या कामात शेजारच्या माणसावर भरवसा नसेल तर पाऊल टाकता येत नाही.

आता थोडं बाहेरच्या जगातलं. १९५१ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी इंग्लंडमधल्या कोळसा खाणींवर एक निबंध प्रसिद्ध केला. बॅमफोर्थ स्वतः पूर्वी खाणीत कोळसा काढणारा कामगार होता, म्हणून मला तो निबंध विशेष विश्वासाचा वाटतो. पूर्वी तिथे दोन-तीन जणांची जोडी एकत्र काम करी. जोडीदार ज्याचा त्याने निवडायचा आणि खोदण्यापासून भरण्यापर्यंतची जबाबदारी सगळ्यांची. मग यंत्रं आली, कोळशाची लांबच लांब भिंत एकदम कापायची पद्धत आली आणि साधारण चाळीस माणसं तीन पाळ्यांत वाटली गेली. एका पाळीने कापायचं, दुसरीने वाट करायची, तिसरीने भरायचं. यंत्र चांगलं होतं, पण उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना आणि माणसं खाडे करू लागली. भरणाऱ्या पाळीला आधीच्या दोन्ही पाळ्यांचं अर्धवट राहिलेलं काम मिळे आणि ते ज्यांनी अर्धवट ठेवलं ती माणसं तोवर घरी गेलेली असत. भेट नाही, विचारणं नाही, सांगणं नाही. उरलं फक्त दोष देणं. यंत्राने काम तोडलं होतं आणि त्याबरोबर माणसंही एकमेकांपासून तुटली.

त्याच संस्थेचे ए. के. राइस १९५३ च्या सुमारास अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथे स्वयंचलित मागांच्या विभागात एकोणतीस माणसांना बारा प्रकारची कामं वाटून दिलेली होती. कोण कोणाशी बांधलेला आहे याचा मेळ नव्हता. ठरावीक मागांमागे एक छोटा गट, असं नवं रूप त्यांनी सुचवलं, तेव्हा मजुरांनी ते लगेच उचललं आणि आपापले गट स्वतःच ठरवले. त्यांना काय हवं आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

मंडळी, आपल्या खाणीत निदान दोन पाळ्या एकमेकांना दिसतात. बिडीचं काय झालं ते आता सांगते आणि इथे मी थोडी जास्त थांबणार आहे.

पूर्वी बिडी कारखान्यात बसून वळली जाई. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेला तेंदूपत्ता आणि आजूबाजूला तेच करणारी माणसं. १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. कारखान्यात पाणी, पाळणाघर, कामाचे ठरावीक तास, पगारी रजा द्या, असं त्याने मालकांना सांगितलं. कायदा चांगल्या हेतूचा होता आणि घरी बिडी वळणाऱ्यांनाही त्याने कामगार मानलं. पण बऱ्याच मालकांनी हा खर्च टाळण्यासाठी कारखाने आवरते घेतले आणि सट्टेदारांमार्फत, म्हणजे मधल्या ठेकेदारांमार्फत, काम घरोघर वाटलं. सूप घरी आलं आणि त्याबरोबर बाई एकटी झाली. हजार बिड्यांचा दर तिला सट्टेदार सांगतो. पत्ता कमी भरला तर पदरचा घालायचा. गठ्ठ्यातल्या किती बिड्या तो बाजूला काढेल हे त्याच्या मनावर. शेजारच्या वस्तीतल्या बाईच्या किती काढल्या, हे तिला कळतच नाही.

याच कायद्याने पत्त्याच्या आणि नाकारलेल्या बिड्यांच्या तंट्यात दाद मागण्याचा हक्क दिला होता. माझ्या दवाखान्यात बिडी कामगाराचं ओळखपत्र घेऊन येणाऱ्या बायकांना मी हे सांगत असे. त्या ऐकून घेत आणि गप्प राहत. एकटीने तक्रार केली तर पुढच्या आठवड्यात तिला पत्ता मिळणार नाही, हे मला त्यांनी समजावून सांगितलं. तक्रारीला दुसरीची साथ लागते आणि दुसरी भेटते कुठे? माल द्यायच्या दिवशी सट्टेदाराच्या ओसरीवर. म्हणून ती ओसरी मला महत्त्वाची वाटते. तिथे रांगेत बसलेल्या बायका "तुझ्या किती काढल्या?" असं एकमेकींना विचारतात, तेव्हा त्या घरी बसून वळणाऱ्या बाया राहत नाहीत, सहकारी होतात. त्या ओसरीवर त्यांना घटकाभर जास्त बसता आलं तर काय होईल, याचा विचार संघटनांनी करावा.

त्याच कायद्यानंतर केरळात वेगळं घडलं. मोठ्या बिडी कंपनीने तिथलं काम बंद केलं, हजारो कामगार बेकार झाले आणि १९६९ मध्ये कन्नूरला त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, केरळ दिनेश बिडी. तिथे माणसं एका छपराखाली बसत. एक जण मोठ्याने वर्तमानपत्र वाचे आणि त्याच्या वाटणीच्या बिड्या बाकीचे वळून देत. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये, ही काळजी शेजाऱ्यांनी घ्यायची. असं एकमेकांसाठी हात चालवणं शिकायला एकत्र बसावं लागतं.

आपल्याकडे असं अजिबात नाही, असंही म्हणता येणार नाही. आषाढात पाऊस जमला की धानाच्या रोवणीला निघणाऱ्या बायांचे गट पाहा. परे उपटणं, पेंढ्या बांधीत टाकणं, एका रांगेत मागे सरकत लावणं, सगळं एका लयीत. हुंड्याने, म्हणजे ठोक रक्कम ठरवून, घेतलेल्या कामात मजुरी सगळ्यांत सारखी वाटतात. एखादी गरोदर असेल तर तिला कमी चिखलाच्या बाजूला ठेवतात आणि ते कोणी मोठ्याने बोलूनही दाखवत नाही. हे गट वर्षानुवर्षं टिकतात. व्यवस्थापनाच्या वर्गात यावर एक तास व्हायला हरकत नाही.

आता आपली कार्यालयं. भंडाऱ्यात काम करणारे कितीतरी कर्मचारी नागपूरला राहतात आणि रोज अप-डाऊन करतात. मुलांच्या शाळा, नवरा-बायकोच्या वेगळ्या नोकऱ्या, त्यांची कारणं खरी आहेत. पण परिणाम असा होतो, की वरठीच्या स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाची घट्ट ओळख डब्यातल्या दुसऱ्या खात्यातल्या माणसाशी होते आणि स्वतःच्या टेबलाशेजारच्याशी मात्र बोलणं फाइलपुरतं राहतं. डब्यातली ती मंडळी सुखदुःखाला धावून येतात, मी पाहिलं आहे. पण काम ज्याच्याबरोबर करायचं त्याच्यासाठी दिवसाकाठी निवांत वेळ उरत नाही.

बदलीच्या वेळी हे फार जाणवतं. चार्ज देण्या-घेण्याची यादी असते: किल्ल्या, शिक्के, जडवस्तू नोंदवही, प्रलंबित प्रकरणं. दोघांच्या सह्या झाल्या की जुना माणूस गाडी पकडतो. कोणत्या गावातली बोअर मार्चमध्येच आटते, कोणत्या अंगणवाडी सेविकेचं बिल कशामुळे तीनदा परत आलं, कोणती विधवा कार्यालयात येऊन बाकावर बसते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही, हे त्या यादीत नसतं. नवा माणूस ते सगळं शून्यापासून शिकतो आणि तेवढे महिने ती विधवा बाकावर बसून राहते. चार्जच्या यादीला एक कोरं पान जोडा, त्यावर जुन्याने स्वतःच्या हाताने लिहावं आणि एक पूर्ण दिवस दोघांनी शेजारी बसून काम करावं, असं मी सुचवते. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायला नको. तालुक्याच्या पातळीवर हे उद्या करता येईल.

खाणीतल्या कंत्राटी कामगारांचा प्रश्न याहून अवघड आहे. कंत्राट बदललं की माणसं बदलतात. जुन्यांना वाटतं, हा चार महिन्यांचा पाहुणा, त्याला कशाला शिकवायचं. नव्याला वाटतं, मला इथे टिकायचं नाही, कशाला विचारायचं. धोका मात्र दोघांना सारखाच. वसाहतीच्या दवाखान्यात मी पट्ट्या बांधल्या त्या कायम आणि कंत्राटी दोन्ही हातांना आणि जखमेत मला फरक दिसला नाही. सुरक्षा समितीत कंत्राटी माणसाला जागा हवी आणि पहिल्या महिन्यात त्याचा जोडीदार कायम कामगारांपैकीच हवा, तोही त्याच्या पसंतीने. एवढं केलं तरी बराच फरक पडेल.

शेवटी एक अडचण तुमच्यापुढे ठेवते, कारण इथे संघटनेचे लोक आणि व्यवस्थापनाचे लोक दोघेही बसले आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५८ व्या कलमात एकाच प्रकारच्या कामावर दोन पाळ्या एकाच वेळी ठेवायला मनाई केली. हेतू योग्य होता. पाळ्या एकमेकींवर चढल्या की कोणाकडून किती तास राबवून घेतलं, हे तपासनीसाला कळत नाही आणि मजुराची पिळवणूक होते. पण त्या मनाईची सावली पाळीबदलाच्या बोलण्यावर पडली. भोंगा वाजला की एक पाळी बाहेर, दुसरी आत. सांगायचं ते सायकल स्टँडवर किंवा फाटकातून जाताना ओरडून. ज्या कारखान्यांत नीट सांगणं होतं, तिथे कामगार ते स्वतःच्या वेळात, बिनपगारी करतात.

माझी मागणी दोन्ही बाजूंना आहे. सांगणं आणि ऐकणं म्हणजे यंत्र चालवणं नव्हे, तेव्हा पाळीबदलाची दहा मिनिटं वेगळी दाखवता येतील आणि त्याच कलमात सूट देण्याची तरतूदही होती. ही दहा मिनिटं सुटणाऱ्या आणि येणाऱ्या दोघांनाही पगारी मिळाली पाहिजेत आणि त्या वेळात कोणीही त्यांना दुसरं काम सांगू नये. पुढच्या वेतन कराराच्या मागणीपत्रात महागाई भत्त्याच्या खालोखाल हे कलम घाला. मसुदा लिहायला कोणी बसणार असेल तर मला बोलवा, मी येईन.